शाबू, ऊस, हळद, निवडुंग: वाचकांचे प्रश्न

एकादशीची शाबूची खिचडी परदेशी आहे, असं मुलगा म्हणतो. खरं का? (गृहिणी, तासगाव)

खरं आहे, ताई. आपल्याकडचा शाबू कसाव्याच्या कंदापासून होतो. कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, चारही मूळची अमेरिका खंडातली. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. त्याआधी तिखटाला मिरी होती. वरी मात्र इकडची. तरी खिचडीला परकी म्हणू नका. जहाजांनी बी आणलं, पण माण-खटावच्या कोरडवाहू रानात भुईमूग रुजवला तो आपल्याच शेतकऱ्यांनी.

ऊस तरी आपलाच ना? (ऊस उत्पादक, वाळवा)

जाड उसाचं मूळ न्यू गिनीत, पण रसाची दाणेदार साखर करण्याची कला भारतात वाढली आणि इराण, अरबस्तानमार्गे पश्चिमेला गेली. १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसानं ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. पुढचं वाचताना मला दर वेळी त्रास होतो. त्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून लाखो माणसं गुलाम करून नेली. १८३४ पासून ब्रिटिश वसाहतींतली गुलामी उठू लागली, तेव्हा मळेवाल्यांनी करारावर हिंदुस्थानातले मजूर नेले. मुंबईहून मॉरिशसला गेलेल्यांत मराठी माणसंही होती; त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. साखरेचा इतिहास सांगताना बेण्याच्या आधी या माणसांबद्दल बोललं पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

सांगलीची हळद कुठून आली? (विद्यार्थी, मिरज)

कुठूनही नाही. हळद दक्षिण आशियातलीच; ती इथून बाहेर गेली.

माळावरचा फड्या निवडुंग इंग्रजांनी आणला का? (वाचक, जत)

निवडुंग अमेरिकेतला. त्याच्यावर जगणाऱ्या कोचिनील किड्यापासून किरमिजी रंग निघतो, आणि त्या व्यापारावर स्पेनची पकड होती. ती मोडायला ईस्ट इंडिया कंपनीनं इथे किडे पाळायचं ठरवलं. १७९५ मध्ये ब्राझीलहून जे किडे आले, ते भलत्याच जातीचे निघाले. रंग हलका पडला, पण त्यांनी निवडुंगाची एक जात भराभर फस्त केली. दुसऱ्या जातीला त्यांचा उपद्रव झाला नाही, ती फोफावली. तिच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून वेगळा किडा मुद्दाम आणावा लागला. तुमच्या माळावरच्या निवडुंगावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर एक चिरडून बघा. बोट लाल झालं की समजा, किडा त्याच कुळातला आहे.