सायकलपटूंच्या शंका : ट्रॅक, रोड आणि मधलं बरंच काही

प्रश्न : वय 19. रोड रेस बऱ्या जातात. प्रशिक्षक म्हणतात, ट्रॅकवरही ये. दोन्ही धरलं तर धड ना इकडचं, धड ना तिकडचं असं होईल का?

उत्तर : ट्रॅकवर कशासाठी बोलावतायत, ते आधी विचारा. स्प्रिंट किंवा कीरिनसाठी (मोटरसायकलमागे वेग धरून शेवटी झेपावायची रेस) असेल, तर भीती रास्त आहे. तिथे निकाल काही सेकंदांच्या जोरावर लागतो आणि त्या जोरासाठी वजनं उचलून मांड्या भरवाव्या लागतात. मांड्यांचं ते वाढलेलं वजन घाट चढताना ओझं होतं. परस्यूट (ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटून केलेला पाठलाग), पॉइंट्स रेस (मधल्या स्प्रिंटना गुण), मॅडिसन (दोघांच्या जोडीने आळीपाळीने), ऑम्नियम (अनेक रेसचे गुण मिळून) यांची गोष्ट वेगळी. 4 किलोमीटरची टीम परस्यूट चार मिनिटांच्या आत संपते, पण तिलाही दमाचाच पाया लागतो आणि तो रस्त्यावरच्या लांब सरावातून तयार होतो. ब्रिटनच्या ब्रॅडली विगिन्सने 2004 आणि 2008 मध्ये परस्यूटची ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली, 2012 मध्ये टूर द फ्रान्स जिंकली आणि 2016 मध्ये टीम परस्यूटचं सुवर्ण घेतलं. इटलीचा फिलिप्पो गन्नाही दोन्हीकडचा. 2022 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंचेनच्या ट्रॅकवर त्याने तासाभरात 56.792 किलोमीटर अंतर कापलं.

गडबड होते ती मधल्या काळात. लांबलचक स्टेज रेस संपवून थेट व्हेलोड्रोमवर (सायकलिंगच्या ट्रॅकवर) उतरलं की दम असतो, पण पाय चपळ नसतात. रस्त्यावर मिनिटाला पॅडलचे 85 ते 95 फेरे मारायची सवय झालेली असते; ट्रॅकवर 110 ते 130 लागतात. शिवाय जागेवरून सुटताना जड गिअर ढकलायची ताकद उतरलेली असते. ट्रॅकच्या मोठ्या स्पर्धेआधी निदान सहा आठवडे हाताशी ठेवा. त्यात आठवड्यातून दोनदा जागेवरून सुटायचा सराव, दोनदा जिम आणि हलक्या गिअरवर भरभर पाय चालवण्याचं एक सत्र. रस्त्यावरची लांब राइड एकच ठेवा, पण ती सोडू नका.

प्रश्न : फिक्स्ड सायकलवर (चाक फिरतं तोवर पॅडलही फिरतात अशी) वेग कमी करायला पॅडल मागे रेटलं की मागचा कॉग (मागच्या चाकाची दातांची चकती) सैल होतो. दोनदा घट्ट केला, पुन्हा तेच.

उत्तर : कॉग साध्या आट्यांवर बसतो. पुढे पॅडल मारलं की तो आणखी घट्ट होतो, मागे रेटलं की सुटायला बघतो. त्याला अडवायला बाहेरून उलट्या आट्यांची लॉकरिंग (कॉग जागी धरणारी कडी) असते. तुमची चूक बहुधा अशी, की दोन्ही एकदाच कसून सोडून दिलं.

हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) आटे ब्रशने साफ करा, ग्रीसचा पातळ हात द्या. कॉग आधी हातानेच फिरवा. पहिल्याच आट्याला अडकला, तर जोर न लावता काढून पुन्हा लावा. तिरका बसलेला कॉग हबचे आटे खाऊन टाकतो. मग चेन-व्हिपने (कॉग फिरवायचं चेनचं हत्यार) पूर्ण जोर लावा आणि लॉकरिंग डावीकडे फिरवून कसा. आता सायकलवर बसून जागेवरून सात-आठ वेळा जोरात सुटा, पण थांबताना पॅडल रेटू नका, ब्रेक वापरा किंवा वेग आपोआप उतरू द्या. या जोराने कॉग आणखी थोडा आत सरकतो आणि लॉकरिंगशी फट पडते. ती फट बुजवायला लॉकरिंग पुन्हा कसायची. हीच पायरी लोक गाळतात.

एवढं करूनही सुटतो, तर लॉकरिंग काढून आटे उजेडात बघा. टोकं चपटी झालेली असली किंवा चांदीसारखा चुरा दिसला, तर हब गेलं. आटे चिकटवायचा गोंद त्याला वाचवत नाही. आणि हब मुळात फ्रीव्हीलचं (पॅडल थांबलं तरी चाक फिरत राहणाऱ्या सायकलचं) असेल, तर त्यावर उलटे आटे नसतातच. साध्या आट्यांची रिंग कॉगबरोबर सुटत जाते. असं हब वापरू नका. चेनचा ताणही बघा. ती मधोमध दाबली की वरखाली मिळून साधारण 1 सेंटिमीटर हलावी. क्रँक हळू फिरवून जिथे ती सर्वांत ताठ होते, तिथे हे माप घ्या, कारण चेनरिंग (पुढची दातांची चकती) तंतोतंत गोल क्वचितच असते. सैल चेन उतरली तर मागचं चाक जागीच जाम होऊ शकतं.

प्रश्न : 250 मीटरच्या ट्रॅकवर पहिल्या रेसला गिअर कोणता?

उत्तर : 48 दात पुढच्या चेनरिंगला, 15 मागच्या कॉगला (48×15). चाकाचा परीघ 2.1 मीटर धरला, तर पॅडलच्या एका फेरीत 6.72 मीटर जाता. मिनिटाला 100 फेऱ्यांना ताशी 40 किलोमीटर. वळणावरच्या उतारावर टायर धरून राहायला एवढा वेग भरपूर आहे. मोठ्यांची नक्कल आत्ता नको. टोकियो ऑलिंपिकमध्ये इटलीची टीम परस्यूट 3 मिनिटं 42.032 सेकंदांत झाली, म्हणजे ताशी जवळजवळ 65 किलोमीटर. 48×15 वर त्याला मिनिटाला 161 फेरे लागले असते; 60×15 वर 129 पुरतात. पण तो गिअर जागेवरून हलवायला जी ताकद लागते ती नसेल, तर ट्रॅकच्या पहिल्याच फेरीत पाय संपतात.

प्रश्न : डोपिंग चाचणीसाठी ठावठिकाणा कळवणाऱ्यांच्या यादीत नाव आलंय. काय सांभाळायचं?

उत्तर : सकाळी 5 ते रात्री 11 मधला रोजचा एक तास तुम्ही निवडता, त्या तासात दिलेल्या पत्त्यावर सापडलंच पाहिजे. हुकलेली चाचणी किंवा चुकीची माहिती, असं 12 महिन्यांत तीनदा झालं की नियमभंग. शिक्षा साधारण दोन वर्षांची बंदी. डोपिंग केलेलं नसलं तरीही. लोक अडकतात ते सराव शिबिरात हॉटेल बदललं की. सोपा तोडगा म्हणजे पहाटेचा, अंथरुणात असतानाचाच तास निवडा, खोलीचा क्रमांक लिहा आणि दार वाजलेलं ऐकू येईल असं झोपा.