पुण्यात एकच दिवस आहे, सोबत वयस्कर आईबाबा आणि मुलं आहेत, काय काय बघून होईल?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून कोल्हापूरला गाडीने जाताना पुण्यात एकच दिवस मिळतोय, सोबत सत्तरीचे आईबाबा आणि दोन लहान मुलं, आणि लिस्टमध्ये सिंहगड, शनिवारवाडा, दगडूशेठ, केळकर म्युझियम, पर्वती आणि आगाखान पॅलेस. सगळं होईल का? गाडीतून उतरून फोटो काढून परत गाडीत बसायचं असेल तर होईल. पण तसं करू नका असं मी अगदी कळकळीने सांगीन, कारण आम्ही नेमकं हेच केलंय आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तीन वर्षांपूर्वी माझे मोठे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि सासूबाई अमरावतीहून गाडीने गणपतीपुळ्याला निघाले होते, मध्ये एक दिवस आमच्याकडे. मी पुण्यातली, त्यामुळे प्लॅन माझ्याकडे, आणि सगळ्यांना सगळं दाखवायचा मला उत्साह. पहाटे सिंहगड, मग मिसळ, शनिवारवाडा, दगडूशेठ, केळकर, पर्वती, आणि शेवटी आगाखान. शनिवार होता. सिंहगडावर वर जायला गाड्यांची ही लाईन, खाली उतरेपर्यंत साडेअकरा वाजून गेले आणि तिथूनच सगळं पुढे ढकलत गेलं. मिसळ खाऊन शनिवारवाड्यात वीस मिनिटं, छोटा पुतण्या उन्हात रडायला लागला, मग पार्किंग शोधत बाजीराव रोडवर अर्धा तास.

केळकरांकडे मात्र एक गोष्ट झाली. तिथे पितळेच्या वज्री मांडून ठेवल्यात, पाय घासायच्या, वर मोर, हत्ती असं काहीबाही बसवलेलं. सासूबाई त्या काचेच्या कपाटासमोर थांबल्या त्या हलेचनात. नातीला सांगत होत्या, माझ्या आईकडे अशीच होती बघ, न्हाणीतल्या दगडाजवळ ठेवलेली असायची, आणि ती सात वर्षांची पोरगी विचारतेय खरंच याने पाय घासायचे का, दुखायचं नाही का. दोघी खाली वाकून काचेला नाक लावून बघतायत. आणि मी मागून म्हणतेय, आई चला, चला लवकर, पर्वती राहील. त्या लगेच निघाल्या, काही बोलल्या नाहीत. पर्वतीच्या १०३ पायऱ्या त्यांना झेपणाऱ्या नव्हत्याच, त्या आणि जाऊबाई खाली गाडीत बसून राहिल्या आणि आम्ही धावत वर जाऊन आलो.

आगाखानला पोचलो तेव्हा बंद झालेलं होतं. आणि मग कळलं की सासूबाईंना पुण्यात एवढंच बघायचं होतं. त्यांचे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, त्यांना कस्तुरबांच्या समाधीला नमस्कार करायचा होता. सकाळपासून एकदाही म्हणाल्या नाहीत, लिस्टमध्ये आहे ना, होईलच, असं धरून चालल्या होत्या. गेटबाहेर फुटपाथवर चपला काढल्या, तिथूनच हात जोडले आणि गाडीत येऊन बसल्या. नगर रोडचं सहा वाजताचं ट्रॅफिक बाजूने चाललेलं.

म्हणून तुम्हाला सांगते, आगाखान सकाळी उघडल्या उघडल्या करा. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू यांना तिथे डांबलं होतं. महादेवभाई आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्टला तिथेच गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत, मोठी झाडं आहेत, बसायला शांत जागा आहे. म्हाताऱ्या माणसांना चढ-उतार फारसा नाही आणि मुलांना पळायला हिरवळ. घाई नको, दीड-दोन तास द्या.

तिथून गाडी गावात अजिबात नेऊ नका. हॉटेलला लावा आणि मेट्रो पकडा. आगाखानपासून कल्याणीनगर स्टेशनला रिक्षाने जा, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडईला उतरा. सिव्हिल कोर्टला वरच्या स्टेशनातून थेट जमिनीखाली खोल उतरायचं असतं, लिफ्ट आहे सरकते जिने आहेत, मुलांना तर तेच मोठं आकर्षण वाटेल. मंडईहून दगडूशेठ चालत. गर्दी असली तर आईबाबांना रांगेत उभं करू नका, मूर्ती रस्त्यावरून समोर दिसते, तिथूनच छान दर्शन होतं. नंतर जवळच कुठेतरी साधं जेवण.

दुपारी उन्हाच्या वेळी केळकर म्युझियम, सावलीत आणि शुक्रवार पेठेतच, मंडईहून रिक्षा केली तर पाच-सात मिनिटं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलेल्या वीस हजारांवर वस्तू आहेत, लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय केलंय. सगळ्या वस्तू मांडलेल्या नसतात, आणि मांडलेल्याही सगळ्या बघायच्याच असं नाही. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी, तेवढं आईबाबा आणि मुलं एकत्र बघू दे. तुम्ही मागे उभे रहा आणि घड्याळ बघू नका.

शनिवारवाडा वेळ उरला तरच. १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा जळला, आता जोती, कारंजी आणि तटबंदी आहे, त्यामुळे नुसतं नेलं तर मुलं म्हणतील यात काय आहे. दिल्ली दरवाजाचे खिळे मात्र नक्की दाखवा, हत्तीने धडक देऊ नये म्हणून एवढे लांब आणि टोकदार केलेत हे सांगितलं की मुलं ते मोजत बसतात.

सिंहगड आणि पर्वती या वेळी सोडा. सिंहगडला अख्खी सकाळ जाते, पार्किंगपासून पुढेही चढ आहे आणि गुडघे दुखणाऱ्यांना तो सोसत नाही. तानाजींची समाधी बघायची, वर बसून पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही खायचं, ते सगळं निवांत करायची गोष्ट आहे. कोल्हापूरहून परत येताना मधल्या वारी जमलं तर बघा.

आणि चारपर्यंत कोल्हापूरच्या रस्त्याला लागा. संध्याकाळी नवले पुलाजवळ अडकलात तर तिथेच तास जातो, पुढे खंबाटकी घाट, आणि एकूण साधारण सव्वादोनशे किलोमीटर आहे, म्हाताऱ्या माणसांना रात्री उशिरापर्यंत गाडीत बसवायला नको.

अजून एक. निघायच्या आधी आईबाबांना विचारा की पुण्यात तुम्हाला मनापासून काय बघायचंय, आणि दोघांना वेगवेगळं विचारा, एकत्र विचारलंत तर आई म्हणणार ह्यांना जे हवं ते. माझ्या सासूबाईंनी कधीच काही मागितलं नसतं, पण विचारलं असतं तर नक्की सांगितलं असतं.