राजमुंद्रीचे पहिले आठवडे

भावा, आपल्या मॉर्मन (एलडीएस) चर्चच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेत, तुला पहिलीच एरिया (नेमणुकीची जागा) आंध्रातली राजमुंद्री मिळाली कळलं, लय भारी वाटलं. मी पण तिथे होतो म्हणून सांगतो.

सुरुवातीला घरची आठवण येणारच, पण रात्री छताकडे बघत मिशनचे 24 महिने मोजत बसू नकोस. 2019 पासून दर आठवड्याला प्रिपरेशन डेला (स्वतःची कामं उरकायच्या मोकळ्या दिवशी) घरी व्हिडिओ कॉल करता येतो, आईशी मनमोकळं बोल. ट्रेनरशी, म्हणजे तुला शिकवणाऱ्या जोडीदार मिशनरीशी पण बोल, पहिले 12 आठवडे तोच तुझा मोठा भाऊ, दिवसभर एकमेकांसोबतच राहायचं असतं त्यामुळे गाल फुगवून बसलास तर दोघांचेही हाल.

खरी परीक्षा चहाची. कुठेही गेलं की आधी चहाचं आधण ठेवतात, आपल्याला धर्मानुसार चहा-कॉफी चालत नाही, आणि कप समोर आल्यावर नको म्हटलं की त्या माउलीचा चेहरा उतरतो, मी एकदा तसं केलं त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून चपला काढतानाच हसून म्हणायचं, अम्मा, नीळ्ळु. पाणी आधीच मागितलं की प्रश्न मिटतो. ताक हवं तर मज्जिग म्हण, खूश होतात.

तेलुगू मोडकीतोडकी का होईना, बोलच. पांढऱ्या शर्टची कॉलर रात्रीच घासून टाक, घामाने पिवळी पडते. आणि वहीत भेटलेल्या लोकांची नुसती नावं नको लिहू, कोणाच्या पोराची परीक्षा आहे, कोणाची आई आजारी आहे ते पण लिही, पुढच्या वेळी आधी तेच विचार, धर्माचा धडा नंतर.