४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क: आधी काय बदलायचं?

तुमचं मशीन म्हणजे तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार). चार-पाच टॅब उघडले की माऊससुद्धा हलेना. तुम्ही जमवलेल्या उपायांच्या लांबलचक यादीतलं आधी काय करू, असं विचारलंय. माझं मत विचाराल तर त्यातलं बहुतेक सोडून द्या.

आधी मशीन कशासाठी अडकतंय ते बघा. टर्मिनलमध्ये ‘व्हीएमस्टॅट १’ (vmstat 1) ही आज्ञा चालवा, ती दर सेकंदाला मशीनची स्थिती दाखवते, आणि नेहमीसारखं काम करा. एसआय आणि एसओ (si, so) या रकान्यांत सतत आकडे पळत असतील, तर रॅम संपून स्वॅप चालू आहे, म्हणजे रॅममध्ये न मावणारं डिस्कवर ठेवलं-काढलं जातंय. ते दोन्ही शून्य आणि डब्ल्यूए (wa, डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) मात्र वर, तर नुसती डिस्कच मागे पडतेय. तुमच्याकडे बहुधा दोन्ही निघेल.

डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असेल तर अर्ध्या फेरीलाच साडेपाच मिलिसेकंद जातात, वर हेड (डिस्क वाचणारं टोक) सरकायचा वेळ. विखुरलेले छोटे तुकडे वाचायचे तर सेकंदाला शंभरसुद्धा होत नाहीत. अशा डिस्कवर स्वॅप गेला की माऊस थिजणारच. कुठलंही सेटिंग यावर मात करत नाही. साधी अडीच इंची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क, साटा जोडणीची) घ्या, २४० जीबीची पुरे. जुनी डिस्क डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) बसते, फोटो-सिनेमे तिच्यावर राहू द्या.

खर्च आत्ता जमत नसेल तर फुकटातला सगळ्यात मोठा फायदा झेडरॅमचा. रॅमच्याच एका भागात स्वॅप ठेवायचा, पण दाबून. साधारण दोन-तीन पट दाबला जातो, आणि प्रोसेसरला ते काम डिस्कची वाट बघण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने २०२० मध्ये, ३३व्या आवृत्तीपासून, हे मुळातच चालू करून दिलं. उबुंटूवर ‘झेडरॅम-टूल्स’ हे पॅकेज टाका, त्याच्या सेटिंगच्या फाइलीत अल्गोरिदम (दाबायची पद्धत) झेडएसटीडी आणि प्रमाण रॅमच्या ५० टक्के करा. डिस्कवरचा स्वॅप काढू नका, फक्त त्याचा प्राधान्यक्रम खाली असू द्या.

आणि इथेच तुमच्या यादीतला ‘स्वॅपीनेस १० करा’ हा सल्ला उलटा पडतो. स्वॅपीनेस म्हणजे स्वॅप किती सढळ वापरायचा ते सांगणारा आकडा. मूळ आकडा ६० असतो, तो कमी करायचा तर डिस्कवरच्या स्वॅपसाठी. झेडरॅम असताना १००च्या वर न्या, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.८ पासून २०० पर्यंत चालतं.

आता ब्राउझर, कारण रॅम खाणारा तोच. उबुंटूचा फायरफॉक्स स्नॅपमधून (सगळं एकत्र बांधलेल्या पॅकेजातून) येतो, आणि फिरत्या डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना अंत पाहतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातलं डेब पॅकेज (उबुंटूचं नेहमीचं पॅकेज) लावा. यूट्यूबवर पंखा ओरडत असेल तर कारण वेगळं आहे: एच.२६४ आणि व्हीपी९ हे व्हिडिओ दाबायचे प्रकार, आणि तुमच्या चिपमध्ये एच.२६४ उलगडायची सोय आहे, यूट्यूब वापरतं त्या व्हीपी९ची नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर. एच.२६४ची सक्ती करणारं एक्स्टेन्शन टाका आणि ७२०पीवर समाधान माना.

डेस्कटॉप (खिडक्या-मेनूंचा भाग) बदलून हलका एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी केलात तर काहीशे एमबी सुटतात. ४ जीबीत ते जाणवतात, ८ जीबीत फारसे नाही. त्यासाठी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकारच, बदलायची गरज नाही, त्याच उबुंटूवर पॅकेज टाकून लॉगिनच्या वेळी निवडा.

यादीतलं कॅश (डिस्कवरून वाचलेलं रॅममध्ये जपून ठेवलेलं) रिकामी करायची आज्ञा दर तासाला चालवायचं खूळ मात्र आजच बंद करा. रॅम किती मोकळी ते सांगणाऱ्या ‘फ्री’ (free) या आज्ञेच्या उत्तरात ‘अव्हेलेबल’ रकाना बघा. कॅशमधली रॅम कर्नल लागेल तशी मोकळी करतो, तुम्ही रिकामी केलीत की तेच सगळं पुन्हा त्या मंद डिस्कवरून वाचावं लागतं. कर्नल स्वतः कंपाइल करणं वगैरे हौस म्हणून ठीक.

व्हीएमस्टॅटच्या दहा-पंधरा ओळी इथे टाका, टॅब उघडे असतानाच्या. मॉडेल क्रमांकही द्या, म्हणजे रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते सांगता येईल. असेल तर जुनी ४ जीबीची डीडीआर३ पट्टी एसएसडीपेक्षाही स्वस्तात मिळेल.