घर तुझं, सामान तुझं नाही

तुझा मेसेज वाचला. भाडेकरू काका दवाखान्यातच वारले, पुतण्या चावी मागतोय, नवीन माणूस एक तारखेला राहायला यायचं म्हणतोय आणि तू विचारतोयस की सामान बांधून पुतण्याला देऊन टाकू का. अजिबात नाही. घर तुझं आहे, सामान तुझं नाही, आणि ते पुतण्याचं आहे असंही अजून कुणी ठरवलेलं नाही.

माणूस गेला की करार त्याच क्षणी संपतोच असं नसतं रे. आधी करार नीट वाच. त्यांच्यासोबत घरातलं कुणी राहत असेल तर त्याचा हक्क लागू शकतो, तेही बघ. मृत्यूचा दाखला मागून घे. वारस कोण ते कागदावर दिसेपर्यंत आतला चमचासुद्धा बाहेर जाता कामा नये.

आत जावं तर लागेलच, पण एकटा जाऊ नकोस, दोन साक्षीदार घे आणि कुलूप उघडल्यापासून व्हिडिओ चालू ठेव. गॅस आणि पाण्याचा कॉक बंद कर, मीटरच्या रीडिंगचा फोटो काढ, फ्रीजमधलं नासणारं तेवढं टाक. कागद, औषधं, चष्मा, बंद पडलेला मोबाईल, सगळं यादीत लिही आणि जागच्या जागी ठेव. सामान तुझं नाही, परत सांगतो.

माझा भाडेकरू गेला तेव्हा त्याचा भाऊ दारात उभा राहून रडत होता तरी मी चावी दिली नाही. लोक मला दगड म्हणाले, काहीजण अजून बोलत नाहीत, त्याचं वाईट वाटतं. पण नंतर वेगळी राहणारी मुलगी आली आणि तिने सगळ्यात आधी बापाची हिशोबाची वही मागितली, जी भावाने नक्की रद्दीत घातली असती. मग माझं काय चुकलं सांग!

थकलेलं भाडं पुतण्याकडे मागू नकोस, तो जामीन राहिला असेल तर गोष्ट वेगळी. डिपॉझिटमधून काय वळतं केलंस ते लिहून ठेव, उरलेले पैसे वारसालाच दे आणि पावती घे. नवीन माणसाला आजच थांबायला सांग. महिन्याचं भाडं बुडेल, बुडू दे. पुतण्याला फोनवर नाही, लेखी कळव, आणि यादी झाली की एक कॉपी मला पाठव, काय राहिलंय ते बघतो.