पन्नाशीनंतरची टाइप वन डायबिटीस: आधी एवढंच सांभाळा

ताई, पंचावन्नाव्या वर्षी टाइप वन निघाली म्हणून हबकू नका, ती कुठल्याही वयात होते. इन्सुलिनचा पंप, कार्ब (जेवणातलं पिष्ट आणि साखर) मोजणं वगैरे नंतर बघू. सध्या सगळं लक्ष शुगर लो होण्याकडे. वय वाढतं तशी थरथर, घाम ही लक्षणं बोथट होऊ शकतात, म्हणून अंदाजावर न जाता शुगर मीटर लावा. आकडा ७० (mg/dL) च्या खाली गेला की चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, १५ मिनिटांनी परत तपासा. पेढा नको! त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर उशिरा चढते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एकादशीचा उपास म्हणून बेसल (दिवसभर हळूहळू काम करणारं) इन्सुलिनही बंद. असं स्वतःहून कधीच करायचं नाही.
- पोटावर रोज त्याच जागी सुई. गाठ झाली की इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.
- कारल्याचा रस. सांगणाऱ्याला बहुधा टाइप टू असते, म्हणजे अंगात थोडंफार इन्सुलिन बनतं; आपल्याला ते बाहेरूनच घ्यावं लागतं.

आणि एकट्या राहू नका. डॉक्टरांनाच विचारा, त्यांच्या टाइप वनवाल्यांचा ग्रुप आहे का. तिथे खुशाल रडगाणं गा, फक्त कुणाचा डोस उचलू नका. घरच्यांनाही बजावून ठेवा: शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.