नवीन डायची सेल्फ-हीटिंग टेस्ट लावतेयस ना, मग हे वाच

अगं, तुझा मेसेज वाचला. नवीन ऑरेंज डाय आलाय, रिपोर्ट सोमवारी हवाय, आणि साहेब म्हणतायत की २५ मिमीचा क्यूब (पावडर भरायचा जाळीचा चौकोनी डबा) ओव्हनमध्ये १४० डिग्रीला लाव, काही झालं नाही तर निगेटिव्ह लिहून मोकळी हो. फोनवर सांगितलं असतं पण अर्धं विसरशील म्हणून लिहितोय.

साहेबांचं उलटं झालंय. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठीच्या यूएनच्या मॅन्युअलमधली एन.४ टेस्ट, म्हणजे हीच सेल्फ-हीटिंग टेस्ट, मोठ्या क्यूबपासून सुरू होते, म्हणजे १०० मिमी, १४० डिग्री, २४ तास. त्यात पावडर पेटली नाही आणि मधलं टेम्परेचर ओव्हनपेक्षा ६० डिग्रीने वर, म्हणजे २०० च्या पुढे गेलं नाही, तर क्लास ४.२ मध्ये, म्हणजे आपोआप तापून पेटणाऱ्या मालात, येत नाही, विषय संपला. गेलं तर मग २५ मिमीचा लावायचा, तो कशासाठी तर पॅकिंग ग्रुप (धोक्याची पातळी) २ की ३ ते ठरवायला. नुसता २५ चा निगेटिव्ह आला म्हणून डाय सुटला असं कुठेच लिहिलेलं नाही.

का ते नीट समजून घे, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. पावडर हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू रिअ‍ॅक्ट होते, थोडी उष्णता तयार होते, ती बाहेर पडायला वाट मिळाली तर काही होत नाही, नाही मिळाली तर आत साठते आणि जितकं गरम तितकी रिअ‍ॅक्शन जोरात. उष्णता तयार होते आख्ख्या ढिगात, बाहेर पडते फक्त पृष्ठभागावरून. २५ वरून १०० मिमीवर गेलीस की माल ६४ पट झाला पण पृष्ठभाग १६ पटच. गावाकडे ओल्या कडब्याची गंजी आतून तापते आणि शेजारी पसरलेल्या चार पेंढ्या थंडगार असतात, तेच हे. म्हणून "या डायचं सेल्फ-इग्निशन टेम्परेचर किती" असा प्रश्न कोणी विचारला की आधी विचार, केवढ्या ढिगाचं? १४० हा आकडा पण असाच आलाय, कोळशाची २७ घनमीटरची रास, म्हणजे तीन मीटर बाजूचा क्यूब, ५० डिग्रीला पेटू शकते आणि तिच्याशी जुळणारं १०० मिमीच्या क्यूबचं टेम्परेचर म्हणजे १४०. १०० मिमी १४० ला पॉझिटिव्ह पण २५ मिमी निगेटिव्ह आला तर १०० मिमी १२० आणि १०० डिग्रीला पण लावून बघ, १२० ला निगेटिव्ह असेल तर ३ घनमीटरपर्यंतच्या पॅकिंगला ४.२ लागत नाही, १२० ला पॉझिटिव्ह पण १०० ला निगेटिव्ह असेल तर ४५० लिटरपर्यंत. सेल्सवाल्यांना हेच हवं असतं.

आता सॅम्पल. बाटलीवर नुसतं डायचं नाव असेल तर परत पाठव. प्लांटमधून विचारून घे की हे ट्रे ड्रायरमधून निघालेलं क्रूड (काही न मिसळलेला डाय) आहे की स्टँडर्डाइझ केलेला, म्हणजे भर घालून ठरलेल्या ताकदीला आणलेला माल. कस्टमरच्या बॅगेत बऱ्याचदा अर्धंमुर्धं ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) नाहीतर डिस्पर्सिंग एजंट असतं, सॉल्ट काही जळत नाही, ते उलट आडवं येतं. शिपिंगचा क्लास त्या मालावर ठरव, हरकत नाही, पण ड्रायरमध्ये आणि पल्व्हरायझरमध्ये जे असतं ते क्रूड, त्याची टेस्ट वेगळी लागणार. ओलावा आणि कणांचा आकार (चाळणीची जाळी) पण लिहून ठेव, बारीक दळलेल्याचं आणि खड्यांचं वागणं एक नसतं.

डीएससी (चिमूटभर सॅम्पल तापवून किती उष्णता सुटते ते मोजायची टेस्ट) आधी कर, ते बरोबर करतेयस. काही मिलिग्रॅमचंच काम, आणि अ‍ॅझो-नायट्रो डाय असेल तर एक लिटर पावडर ओव्हनमध्ये ठेवायच्या आधी तो किती जोरात फुटतो ते कळायलाच हवं. डिकंपोझिशन ३०० ज्यूल प्रति ग्रॅमच्या वर दिसलं तर एन.४ थांबव, आधी सेल्फ-रिअ‍ॅक्टिव्हचा, म्हणजे हवेशिवाय स्वतःच फुटण्याचा, मुद्दा निकाली काढ. पण बंद क्रुसिबलच्या डीएससीत हवा जवळपास नसतेच, त्यामुळे ऑक्सिडेशनने तापणारी पावडर तिथे साधीभोळी दिसते. आणि याच्या उलटही आहे, जो डाय स्वतःच फुटतो त्याला नायट्रोजन मारून काही फायदा नाही, त्याला ऑक्सिजन लागतच नाही. दोन्ही टेस्ट लागतात त्या यासाठी.

क्यूब भरताना काठोकाठ भर, हलके ठोक, बसली की परत भर, वर सपाट कर. एक थर्मोकपल (टेम्परेचर मोजायची तार) बरोब्बर मध्यात, दुसरं क्यूब आणि ओव्हनच्या भिंतीच्या मध्ये. एक्झॉस्ट आधी चालू आहे का बघ, धुमसणाऱ्या डायचा धूर घेऊ नये. आणि २४ म्हणजे २४ तास, शिफ्ट संपली म्हणून अठराव्या तासाला काढायचं नाही, कारण काही पावडरी उशिरा उठतात. ढीग मोठा झाला की हा उशीर अजून वाढतो, चौपट साइजला साधारण सोळापट वेळ, त्यामुळे संध्याकाळी ठीक वाटलेली जम्बो बॅग नंतर कधीतरी गोडाउनमध्ये धूर सोडते.

कर्व्ह वाच, नुसता मॅक्सिमम वाचू नकोस. १०० च्या आसपास रेंगाळली तर पाणी उडतंय. १९० पर्यंत चढून उतरली तर कागदावर निगेटिव्ह, पण ही पावडर ५० डिग्री स्वतःच्या जोरावर चढली की! रिपोर्टमध्ये हे वाक्य टाकच, "निगेटिव्ह" या एका शब्दाखाली ते गाडू नकोस.

ड्रायरसाठी एन.४ वापरायचीच नाही, ती वाहतुकीसाठी आहे. तारापूर, लोटे, महाड कुठेही जा, ट्रे ड्रायर दिसेल, तिथे थरावरून गरम हवा जाते, फ्लुइड बेडमध्ये थरातून जाते, स्प्रे ड्रायरमध्ये भिंतीला जुना थर चिकटून तासन्‌तास भाजत राहतो. प्रत्येकाची टेस्ट वेगळी. हॉट सरफेससाठी ५ मिमी थराची हॉट प्लेट टेस्ट घे आणि आकड्यातून ७५ वजा कर, हवेत उडालेल्या पावडरच्या ढगाच्या (क्लाउड) इग्निशन टेम्परेचरचे दोन तृतीयांश काढ, दोन्हीतलं कमी ते सरफेसचं कमाल टेम्परेचर धर. थर ५ मिमीपेक्षा जाड साचत असेल तर हा हिशोब चालत नाही. मोठ्या सायलोचा किंवा बॅगांच्या थप्पीचा प्रश्न असेल तर ईएन १५१८८ या युरोपियन स्टँडर्डप्रमाणे तीन-चार साइजचे क्यूब लावून एक्स्ट्रापोलेट कर, वेळखाऊ आहे पण दुसरा रस्ता नाही. आणि माल बॅगेत भरताना किती गरम असतो ते स्वतः प्रोब घालून मोज, सुपरवायझरच्या तोंडचा आकडा घेऊ नकोस.

रिपोर्ट कोणाकडे जातो तेही बघ. न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये ८ एप्रिल १९९८ ला मॉर्टन इंटरनॅशनलच्या प्लांटमध्ये यलो ९६ डायची बॅच रनअवे झाली, म्हणजे रिअ‍ॅक्शन हाताबाहेर गेली, नऊ जण जखमी झाले. ती केटलमधली लिक्विड रिअ‍ॅक्शन, पावडरची नव्हे, पण साइजचं गणित तेच, बॅच १००० वरून २००० गॅलनच्या केटलमध्ये नेली होती. हवी ती रिअ‍ॅक्शन ३८ डिग्रीला सुरू व्हायची आणि १९५ ला डिकंपोझिशन, पण प्लांटच्या लोकांना दिलेल्या सेफ्टीच्या कागदांत असा रनअवे होऊ शकतो हा इशाराच नव्हता. म्हणून तुझ्या रिपोर्टची एक कॉपी थेट ड्रायर चालवणाऱ्या शिफ्ट इनचार्जला दे, मराठीत दोन ओळी वर लिहून, किती डिग्रीच्या वर जायचं नाही आणि थर किती दिवसांनी खरवडायचा.

साहेबांना सांग सोमवारी होणार नाही, बुधवार धरा. १०० मिमी आजच लाव आणि उद्या संध्याकाळी दोन्ही थर्मोकपलचा मूळ डेटा पाठव, ग्राफचा फोटो नको.